फळ्यावर नसलेलं नाव

लेकीच्या श्वासाचा आवाज काही केल्या आईच्या कानातून जाईना.

सकाळपासून ती तीनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली होती. एकदा धुतलेले कपडे ठेवायचं निमित्त होतं, एकदा खिडकी लावायचं. तिसऱ्यांदा निमित्तही सापडलं नाही, नुसतीच उभी राहिली. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्वास आत जाताना बारीक चुरचुर व्हायची, ओला कागद कुणी हळूहळू फाडावा तशी. आईनं घड्याळाकडे बघत श्वास मोजले. मिनिटाला चोवीस. तासाभरापूर्वी वीस होते.

"सर्दी असेल," ती पुटपुटली, आणि स्वतःचाच राग आला तिला. तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं हाताळलेली बाई. खोटं बोलायचं तर निदान बरं तरी बोलावं.

आपण काय ऐकतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. जगात हे ठाऊक असलेली माणसं दोनच, एक ही आणि दुसरी ती झोपलेली. आणि त्या झोपलेलीनं काल हिच्याकडून तोंड बंद ठेवायची शपथ घेतली होती.

लेक अग्निशमन दलात. वय छत्तीस, अंगानं काटक आणि जिभेनं अंगाहून काटक. स्टेशनात तिला कुणी नावानं हाक मारत नाही, मास्तरीण म्हणतात. आगीची वर्दी आली तर ती इतरांसारखीच पाईप घेऊन धावते. पण अ‍ॅसिड सांडलं, गॅस फुटला, रसायनांचा टँकर उलटला अशी वर्दी असली की फळा तिच्याकडे. फळा म्हणजे काखेत मावेल एवढी पाटी. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला तिच्या हातात द्यायचा. ती तो फळ्याला अडकवते, शेजारी वेळ लिहिते, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती ते लिहिते, आणि हा कितीला परतला पाहिजे याचं गणित मांडते. माणूस बाहेर आला की आधी नखशिखांत धुलाई, मग बिल्ला परत. फळ्यावर बिल्ला आहे तोवर तू आत आहेस, मग तू साहेब का असेनास. आणि ज्याचा बिल्ला नाही, तो आत गेलेलाच नाही.

"शाळेत कधी हजेरीला उभी राहिली नाहीस," आई म्हणायची, "आणि आता दाढीमिशा आलेल्यांची घेतेस."

"त्यांच्यातला कुणी गैरहजर निघाला तर त्याच्या बायकोला कोण सांगणार? तू?"

फळा सोडायचा नाही, हा तिच्या दृष्टीनं एकच धर्म. दोन वर्षांपूर्वी पहिलवान नावानं ओळखल्या जाणाऱ्या सहकाऱ्यानं तो सोडला होता. पाईप अडकला म्हणून तो दोन मिनिटं ओढू लागला, बस. तेवढ्यात आतल्या एकाची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली ती कुणी ऐकलीच नाही. तो माणूस रांगत, ओकत, मास्कची काच नखांनी ओरबाडत बाहेर आला. मास्तरणीनं सगळ्यांदेखत पहिलवानाच्या कानाखाली आवाज काढला, वर लेखी तक्रार दिली. तेव्हापासून तो अंगणात पाईप धुतो. ती समोरून गेली की त्याची पाण्याची धार हटकून तिच्या बुटांवर येते.

हे वेड तिच्यात कुठून आलं ते आईला कुणी सांगायला नको. लेक नऊ वर्षांची असताना तिचा बाप रंगाच्या कारखान्यात कामाला होता. एके दिवशी मायलेकी त्याचा डबा घेऊन गेल्या, तर मागच्या आवारात आरडाओरडा. बंद टाकी साफ करायला एक जण उतरला होता, तो आत पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. तिसरा तिचा बाप. पहिला कामानं गेला, दुसरा मैत्रीनं, आणि तिसरा लाजेनं, सगळे बघतायत आणि आपण उभे म्हणून. पोरगी झाकणाकडे धावली. पहारेकऱ्यानं तिची वेणी धरून तिला जमिनीवर आपटलं. ती त्याच्या हाताला हाडापर्यंत चावली. त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला, दोन दात पाडले, आणि तिच्या पाठीवर बसून राहिला. आई किंचाळत त्याला चपलेनं बडवत होती. तो मार खात राहिला, पण उठला नाही. टाकीतून चार प्रेतं निघाली. बापानंतरही एक उतरला होता.

आईनं त्या पहारेकऱ्याला कितीतरी वर्षं शिव्याशाप दिले. पण लेक दलात लागली तेव्हा पहिल्याच सुट्टीत त्याला शोधत गेली. म्हातारा झाला होता. हात पुढे करून त्यानं जुना व्रण दाखवला. "तुझे दात अजून माझ्याकडेच आहेत, बाय," म्हणाला. दोघं पोट धरून हसली म्हणे. आईला त्यात हसण्यासारखं काय होतं ते आजवर कळलेलं नाही.

मग प्रशिक्षण. लेक पाठ म्हणायची, आई वही धरून बसायची.

"वर्दीच्या जागी पोचलात. आधी काय?"

"थांबायचं."

"मग?"

"आणखी मागे जाऊन थांबायचं. वारा पाठीवर घ्यायचा, चढ असेल तर चढावर राहायचं. हात लांब करून अंगठा उभा धरायचा. अपघाताची जागा अंगठ्यामागे झाकली नाही, तर आपण फार जवळ आलोय."

"एक माणूस समोर तडफडतोय."

"ओळखायचं, कशानं तडफडतोय ते. पिंपावरची चिठ्ठी बघायची, दुर्बिणीतून. वास घेऊन बघायचं नाही. हवा पाठीवर घेतल्याशिवाय जायचं नाही. नाहीतर मग दोघं तडफडतात, आणि तिसरा निघतो."

आईनं वही मिटली होती त्या दिवशी. तिसरा निघतो, हे वहीत नव्हतं.

असो. काल सकाळी पावणेनऊची वर्दी. बोळाच्या टोकाला धातूंना मुलामा चढवणारा कारखाना, पुढे रस्ता बंद. फोर्कलिफ्टचा दात नायट्रिक अ‍ॅसिडच्या पिंपात घुसला. अ‍ॅसिड ओघळलं ते नेमकं तांब्याच्या भंगारावर. बघता बघता दारातून विटकरी रंगाचा धूर लोळत बाहेर यायला लागला, जड, जमिनीला धरून चालणारा. एक कामगार आत राहिला होता. दलाची गाडी लांब, वारा पाठीवर घेऊन थांबली. दोघं जण अंगभर सूट चढवून, हवा पाठीवर घेऊन आत गेले. मास्तरणीनं बिल्ले अडकवले, वेळ लिहिली. साहेब मुख्य रस्त्यावर पोलिसांशी बोलत होते. पंपावर ड्रायव्हर काका. आणि रस्त्यावर आडव्या बांधलेल्या फितीपलीकडे शे-दीडशे माणसं.

"लोक मरतायत आणि तुम्ही फिती कसल्या बांधताय?" कुणीतरी ओरडलं. "उद्घाटन आहे का?"

"कात्री आणा रे, बाईंच्या हस्ते होऊ द्या!"

पहिला दगड काकांच्या काचेवर बसला. दुसरा तिच्या खांद्यावर. मग गर्दी फाडत वेल्डर आला. शेजारीच त्याचं दुकान, माणूस दाराएवढा. आत अडकला होता तो त्याचा धाकटा भाऊ.

"सरक."

"नाही."

"माझा भाऊ आहे आत."

"माझी दोन माणसं त्याच्यासाठीच गेलीत. त्यांच्या पाठीवर हवा आहे. तुझ्या पाठीवर काय आहे?"

"बाई, मला हात उचलायला लावू नकोस."

"हात उचल. पाय उचलू नकोस."

त्यानं उचलला. ठोसा ओठावर बसला, खालचा ओठ दातांत घुसून फाटला. ती पडली नाही. तिनं त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि गुडघा त्याच्या पोटात घातला. तो वाकला. तिनं टॉर्च त्याच्या नडगीवर हाणला, एकदा, दोनदा. गर्दीतून कुणीतरी मागून तिच्या कमरेत लाथ घातली. हेल्मेट उडालं. वेल्डरनं तिच्या काखेतला फळा हिसकला आणि तोच तिच्या डोक्यात घातला. पाटीचे दोन तुकडे झाले, बिल्ले रस्त्यावर खणखणत सांडले. रक्तानं तिचा एक डोळा बंद झाला. दुसऱ्या डोळ्यानं तिला दिसलं ते एवढंच, की तो फीत तोडून धुरात शिरलाय.

दहा-बारा पावलं गेला असेल. मग गुडघ्यांवर आला.

आणि मास्तरीण त्याच्यामागे गेली. बिल्ला नाही, हवा नाही, मास्क नाही.

हे तिनं आईला काल दुपारी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. आपण होऊन नाही सांगितलं. आईला तिच्या मनगटांवर पिवळे पट्टे दिसले, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथं.

"हे धुतलंस का?"

"पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली. ते जात नाही. कातडीच पिवळी होते."

"अ‍ॅसिड तर आत होतं. तुझ्या हातावर कुठून आलं?"

लेक पाणी प्यायला लागली. फाटलेल्या ओठातून ते हनुवटीवर सांडलं.

"मी विचारतेय, नाकातून किती गेलं?"

"दोन श्वास."

"खोटं."

"श्वास धरूनच गेले होते गं. पण नव्वद किलोचा माणूस ओढताना कोण श्वास धरतंय? पाच असतील. सहा. मोजायला कुणी नव्हतं ना, मोजणारी मीच."

वेल्डरला तिनं काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. तो ओकला, उठून बसला, आणि त्यानं तिच्याच छातीत लाथ मारली. मिनिटाभरानं आतले दोघं त्याच्या भावाला घेऊन आले. भाऊ मेलेला होता. तोंडाभोवती फेस, भुवया जळालेल्या. ते बघून गर्दी पिसाळली. गाडीच्या काचा फुटल्या, काकांना खाली खेचून तुडवलं, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. वेल्डरला अ‍ॅम्ब्युलन्सकडे नेत होते तर त्यानं एका परिचारकाचं नाक फोडलं आणि भावाच्या प्रेताला मिठी मारून बसला. "मी ठणठणीत आहे, सोडा मला," म्हणत, शिव्या देत, स्वतःच्या पायांनी घरी गेला. आधी धूर आणि मग ही रणधुमाळी, त्याला कुणी बाहेर काढलं हे दलातल्या कुणी बघितलंच नाही.

शेवटी मास्तरणीनं रस्त्यावर रांगत बिल्ले गोळा केले आणि आत गेलेल्यांची यादी केली. दोन नावं. खाली तिची सही. यादीतले म्हणून ते दोघं नियमानं दवाखान्यात, दोन दिवस देखरेखीखाली. हिच्या डोक्याला सहा टाके, ओठाला तीन, आणि घरी.

"यादीत नाव घाल," आई म्हणाली.

"कसं घालू? मी आत होते तर फळ्यावर कोण होतं? माझी दोन माणसं आत, आणि चार मिनिटं बाहेर मोजायला कुणी नाही. पहिलवानाला मी दोन मिनिटांसाठी उभा सोलला, आई."

"तो दात काढेल म्हणून तू मरणार?"

"तो काढू दे गं. मी आरशात कुठलं तोंड बघू? यापुढे फळा देईल मला कुणी? तो काढून घेतला तर मी कोण उरते? आणि हे बघ, मला काही झालेलं नाही. खोकला होता, तोही गेला. शपथ घे. माझ्या गळ्याची."

आईनं घेतली. तिचं ते तोंड बघून घेतली. आणि तेव्हाच वहीतली ओळ तिच्या डोळ्यांपुढे आली, तिनंच कधीतरी मोठ्यांदा वाचलेली. विटकरी धुराचा हा गॅस आधी खोकला देतो, मग सोडून दिल्यासारखं करतो. माणूस हिंडतो, जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी पुरा दिवस उलटल्यावर, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. म्हणून ज्यानं तो घेतलाय त्याला, कितीही धडधाकट दिसला तरी, एक पाऊल चालवायचं नाही. झोपवून न्यायचं.

साडेअकराला फोन वाजला. लेकीचा बंद होता म्हणून ड्रायव्हर काकांनी आईला लावला होता. त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, बोलताना कण्हत होते.

"ताई, मास्तरीण उठली का?"

"पडलीय."

"पडू द्या. एक सांगायचं होतं. तो वेल्डर… सकाळी गेला. भावाच्या उशाशी बसला होता रात्रभर. पहाटे म्हणाला, दम लागतोय. लोकांना वाटलं रडून रडून. तासाभरात तोंडातून गुलाबी फेस. खाली उतरवेपर्यंत संपला. काल मला लाथा घालत होता हो, एवढं बळ होतं त्याच्यात. त्या धुरातून बाहेर कसा आला कुणास ठाऊक."

आईच्या घशाशी शब्द आले होते. शपथेनं दाबून धरले. "काळजी घ्या, काका," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. गप्प राहायला सांगणारी ग्रंथालयातली पाटी तिनं इतकी वर्षं पुसून चकचकीत ठेवली होती, ती काय आज स्वतःच्या तोंडावर लावायला?

ती आत गेली. लेक उठून बसली होती, हात गुडघ्यांवर टेकून, पुढे झुकून.

"आडवं होता येत नाहीये," लेक म्हणाली. मध्ये थांबली. "बसून… बरं वाटतंय."

ओठ जांभळट. उशीवरच्या रुमालाला गुलाबी डाग. आईनं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात सतरावर पोचली. पुढे मोजायची गरज नव्हती.

"वेल्डर गेला," ती म्हणाली.

लेकीनं डोळे मिटले. उघडले. "त्यानं… जास्त घेतला होता."

"मी फोन करतेय."

"गल्लीतल्या… डॉक्टरला बोलव."

"तो खोकल्याचं औषध लिहील आणि कपाळावर हात ठेवील."

"मग गाडी बोलव. जिना… उतरते मी. दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. वाफ गेली… म्हणून सांगू. घरातली."

"तीन जिने आहेत. तू एक उतरशील. दुसऱ्यावर मी तुला मांडीवर घेऊन बसेन."

"दलाच्या कंट्रोलला… नाही. आई. नाही. वायरलेसवर जातं ते. सगळ्या… स्टेशनांत ऐकू जातं." तिनं दम घेतला. घशात बुडबुडे वाजले. "पहिलवान… आज ड्यूटीवर आहे."

आईनं फोन काढला. लेक उठली. कुठून आलं बळ देव जाणे, पण उठली, आणि आईचं मनगट धरून असं पिरगाळलं की हाडात कळ गेली. फोन निसटून पलंगाखाली गेला. आई वाकली तर तिनं केस धरून मागे ओढलं.

"शपथ घेतलीस!"

आईनं वळून तिच्या थोबाडीत मारली. हात सगळा मोकळा सोडून. कालचे टाके उसवले, रक्ताची धार हनुवटीवरून गळ्यात उतरली. पोटच्या पोरीवर एवढ्या वर्षांत हात उगारला नव्हता तिनं. लेक पलंगावर कोसळली, पडल्या पडल्या हाताला लागला तो स्टीलचा पेला तिनं फेकला. तो आईच्या भुवईवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आई भिंतीला धरून उभी राहिली, क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, दोघींच्या तोंडांवर रक्त.

मग लेकीला ढास लागली. संपता संपेना. प्रत्येक उबळीबरोबर तोंडाशी फेस यायला लागला, आणि तिचे हात, काल दाराएवढ्या माणसाला ओढून आणणारे हात, चादर मुठीत धरायला धडपडत होते आणि धरू शकत नव्हते.

आईनं उशा तिच्या पाठीशी रचल्या, तिला बसती केली. लेकीच्या डोळ्यांत राग नव्हता आता. विनवणी होती. ती जास्त वाईट.

"नको ना गं."

आई जमिनीवर पालथी पडली, पलंगाखाली हात घालून फोन ओढला. काच तडकली होती, पण चालू होता. उठताना तिनं मनाशी ठरवलं की अर्धवट काही सांगायचं नाही. नुसतं दम लागलाय म्हटलं तर साधी गाडी येईल, दोन माणसं येतील आणि तिला चालवत जिन्यावरून नेतील. सगळं सांगायचं. लेकीचं नाव. कुठला धूर. किती वाजता. सहा श्वास. फळा सोडून ती आत गेली होती, चार मिनिटं फळ्यावर कुणी नव्हतं, आणि यादीत ते नाही. ऐकू दे सगळ्या स्टेशनांना. पहिलवानालाही.

लेक यापुढे आपल्याशी बोलणार नाही, कदाचित कधीच नाही, हे तिला दिसत होतं. न बोलू दे. पण अबोला धरायला तरी ती असली पाहिजे.

तिनं भुवईवरचं रक्त बाहीनं पुसलं, लेकीच्या हाताच्या टप्प्याबाहेर दाराशी जाऊन उभी राहिली, आणि कंट्रोलचा नंबर लावला.